उपाशी वाफे

भाजीपाला संशोधन केंद्राच्या साहेबांनी यशाचं पत्रक छापून घेतलं, तेव्हा पालकाचं बी अजून पाकिटातच होतं. वर ठळक अक्षरांत ‘जमिनीत जस्त, पानात आरोग्य’, खाली साहेबांचा फोटो, आणि त्याच्याही खाली, जागा उरलीच म्हणून, पालकाचा. प्रयोग काय, होईल सवडीने. छापखाना काही आपल्यासाठी थांबत नाही, हे साहेब अनुभवाने शिकले होते.

प्रयोग तसा सरळ होता. जेवणात जस्त कमी पडलं की मुलांची वाढ खुंटते, जखमा भरायला वेळ लागतो. गोळ्या वाटाव्यात तर लोक घेताना हसून घेतात आणि घरी जाऊन फडताळात विसरतात. म्हणून जस्त खतातून थेट जमिनीलाच द्यायचं. मुळांनी ते प्यायचं, पानांनी साठवायचं, आणि माणसाने नुसती भाजी खायची. आपण औषध खातोय याचा त्याला पत्ताही लागता कामा नये. पालकाचे बारा वाफे केले होते. त्यातल्या सहांना जस्ताचं खत, सहांना काहीच नाही. पीक आलं की दोन्हींकडची पानं तपासायची आणि फरक सांगायचा. खत न मिळालेल्या सहांना कागदोपत्री ‘नियंत्रण वाफे’ म्हणत. केंद्रातली माणसं त्यांना ‘उपाशी वाफे’ म्हणत.

पानं तपासायचं काम पीपीएमताईंचं. दहा लाख भागांत अमुक भाग, म्हणजे पीपीएम, हे मोजण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. मोजल्याशिवाय त्या बोलत नसत. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, “माझ्या हाताला चव आहे की नाही, खरं सांग.” ताई म्हणाल्या, “आमच्याकडे मोजायची सोय नाही.” त्यानंतर सासूबाई दीड वर्ष धाकट्या मुलाकडे राहिल्या.

सोमवारी पालकाचे आकडे आले. खताचे वाफे : एकाहत्तर. उपाशी वाफे : सत्तर.

ताईंनी भांडी पुन्हा धुतली, नवी पानं घेतली, भट्टीत वाळवली, दळली, आम्लात विरघळवली आणि पुन्हा यंत्राला लावली. या खेपेला खताचे सत्तर आणि उपाशी एकाहत्तर. मग त्या कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या.

“म्हणजे खताचा उपयोग नाही?” साहेब म्हणाले.

“उपयोग नाही असं मी म्हटलं नाही. फरक नाही म्हटलं.”

“अहो ताई, पत्रकात ‘दुप्पट’ छापलंय!”

“ते मी छापलेलं नाही.”

“मशीन बिघडलं असेल.”

“तपासलं. ठीक आहे.”

“मग पालक बिघडला असेल,” साहेब म्हणाले आणि त्यांनी आकडेशास्त्र्यांना बोलावलं.

आकडेशास्त्री हे केंद्राचे सांख्यिकीतज्ज्ञ. गृहस्थ अत्यंत मनमिळाऊ. त्यांच्या हातून आजवर एकही प्रयोग नापास झाला नव्हता. त्यांनी कागदावर मायेने नजर फिरवली. “फरक नाही असं कधी होत नसतं, साहेब. फरक लाजरा असतो. चार नमुने बाजूला काढले की येतो बाहेर.”

“कुठले चार?” ताईंनी विचारलं.

“जे आडवे येतायत ते.”

“झालं तर!” साहेबांच्या जिवात जीव आला. “गुरुवारी समिती येतेय. ताई, तुम्ही बुधवारी संध्याकाळपर्यंत सही करून द्या.”

ताई उठल्या तेव्हा त्यांना टेबलाच्या कोपऱ्यात एक जाडजूड फाइल दिसली. ती माळीमामांची. मामा या केंद्रात एकोणीस वर्षं तात्पुरते होते. इतकं टिकाऊ तात्पुरतेपण दुसऱ्या कुणाला साधलं नव्हतं. त्यांना कायम करण्याची फाइल आस्थापना शाखेतून निघून, वाटेत चार साहेब निवृत्त करून, अखेर या टेबलावर पोचली होती. एक सही तेवढी राहिली होती. चार महिन्यांनी मामा साठ पूर्ण करणार होते आणि साठीनंतर कुणाला कायम करता येत नाही.

“मामांच्या फाइलवर सही…?” ताईंनी विचारलं.

“समिती जाऊ द्या. चांगल्या कामात घाई करू नये,” साहेब म्हणाले.

ताईंनी सही करण्याआधी माती तपासली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं; पण पान सांगत नसेल तर मुळापाशी विचारावं, एवढी साधी गोष्ट. पेरणीआधीचे मातीचे नमुने बाटल्यांत होतेच. त्यांत पिकाला मिळण्याजोगं जस्त जेमतेम अर्धा पीपीएम. आता उपाशी वाफ्यांच्या मातीत ते तिपटीने वाढलेलं होतं. खताच्या वाफ्यांतही तेवढंच. उपाशी म्हणवणारे सहाही जण पोटभर जेवून ढेकर देत होते.

ताई चप्पल बदलून शेताकडे निघाल्या. मामा खुरपं घेऊन शेवटच्या वाफ्यात बसले होते.

“मामा, या उपाशी वाफ्यांना काय घातलंत?”

“उपाशी म्हणू नका त्यांना,” मामा मान वर न करता म्हणाले. “पहिल्या दिवसापासून सांगतोय. रोपाला ऐकू येतं.”

“बरं, नाही म्हणत. काय घातलंत?”

“जे त्यांना घातलं, तेच यांना.”

“पुड्या तर सहाच दिल्या होत्या! पंचवीस ग्रॅमच्या सहा.”

“सहाच. आणि वाफे बारा.” आता मामांनी खुरपं खाली ठेवलं. “एका पाकिटातलं बी, एका दिवशी पेरलेलं. सहांच्या पुढ्यात वाढायचं आणि सहांनी नुसतं बघत बसायचं? कुठल्या तोंडाने पाणी द्यायचं मी त्यांना? माझ्या दोन पोरी. एकीला दिलं आणि दुसरीला नाही असं कधी झालं नाही. असला पंक्तिप्रपंच माझ्याच्याने होत नाही, ताई. प्रत्येक पुडीचे दोन भाग केले.”

“अहो, पण हा प्रयोग होता!”

“मग प्रयोगाने माणुसकी सोडायची?”

ताईंना रागवायचं होतं. पण त्यांच्या तोंडून भलतंच निघालं. “दोन भाग कसे केले? अंदाजाने?”

“अंदाजाने?” मामा दुखावले. “बियाण्यांचा तराजू आहे ना, तो नीट पुसून घेतला. साडेबारा इकडे, साडेबारा तिकडे. एका पुडीत अर्धा ग्रॅम कमी निघाला, तर तोही वाटून कमी केला.”

या केंद्रात आपल्याखेरीज तराजू पुसून घेणारा आणखी एक माणूस आहे, हे ताईंना सव्वीस वर्षांनी कळत होतं, आणि तेही अशा वेळी! त्या बांधावर टेकल्या.

“मामा, हे मला लिहावं लागेल.”

“लिहा की. मी काय चोरी केली?”

“साहेब याला हस्तक्षेप म्हणतील. तुमची फाइल टेबलावर आहे. सही राहिलीय फक्त.”

मामा हातावरची माती दुसऱ्या हाताने पुसत राहिले.

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर पत्रक जाईल लोकांच्या हातात. त्यात वाफ्याला पंचवीस ग्रॅम घाला असं छापलंय. आपण घातलंय साडेबारा. लोक दुप्पट घालतील, दर हंगामाला घालतील. जस्त काही वाहून जात नाही, मातीतच बसून राहतं. आणखी काही वर्षांनी त्याच मुळांना ते बाधेल.”

“म्हणजे एकाला उपाशी ठेवायचं नाही म्हणून मी वाटून दिलं, आणि आता त्यापायी बाकीच्यांना अजीर्ण?”

“तसंच काहीसं.”

“मग लिहा,” मामा म्हणाले आणि खुरपं उचललं. दोन हात पुढे सरकून पुन्हा थांबले. “फक्त मामीला मी आज घरी गेलो की सांगतो. तुमच्या कागदावरून तिला कळायला नको. मी कायम होईन त्या दिवसासाठी तिने नवा सदरा आणून ठेवलाय.”

त्या दिवशी घरी ताईंचा हात जेवताना पानातच थांबला. यजमान चष्म्याचं दुकान चालवत; समोरच्याला दिसत नाही हे त्यांना चटकन ओळखू येई. “काय झालं?” त्यांनी विचारलं. ताईंनी सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत नसल्यासारखं करून अक्षर न् अक्षर ऐकत होत्या.

“अगं, सही करून टाक त्या शास्त्रीबुवांच्या कागदावर,” यजमान म्हणाले. “म्हातारा कायम होईल, साहेब खूश होईल, पालकाला काय कळतंय?”

“नंबर न बघता काच बसवाल तुम्ही?”

यजमानांनी भातावर आणखी वरण वाढून घेतलं. काचांच्या काही जोड्या तशाही गेल्या होत्या, पण ती वेळ सांगण्याची नव्हती.

“अडचण अशी आहे,” ताई म्हणाल्या, “की नुसतं ‘सगळ्यांना खत मिळालं’ एवढं लिहून भागत नाही. खत न मिळालेल्या पालकात जस्त किती भरतं ते हवं. आणि तसा पालक आता उरलाच नाही.”

“उरला नाही कसा?” सासूबाई म्हणाल्या. “बी पेरताना चार दाणे इकडेतिकडे सांडत नाहीत होय? माझ्या मागच्या दारी दरवर्षी उगवतं काही ना काही. त्याला कोण वाढायला जातं?”

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“बघतेस काय? तुमच्याकडे सोय असेल तर मोज,” सासूबाई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या. दीड वर्षाचा हिशेब त्यांनी असा एका वाक्यात पुरा केला.

मंगळवारी सकाळी ताई बांधाच्या पलीकडे गेल्या, तर तिथे गवतात पालकाची अकरा रोपं. कुणी पेरली नव्हती, कुणी पाणी घातलं नव्हतं, कुणाच्या नजरेत आली नव्हती. आणि म्हणूनच मामांच्या दयेपासून सुखरूप राहिली होती. ताईंनी पानं खुडून नेली, दोनदा तपासली. त्रेचाळीस. दुसऱ्यांदाही त्रेचाळीस.

बुधवारी त्यांनी एक पान लिहिलं. बाराही वाफ्यांना ठरल्याच्या निम्मं खत मिळालं आहे. ते मामांनी स्वतःच्या मनाने, तराजूवर तोलून वाटलं. पानातलं जस्त सत्तर-एकाहत्तर. आपोआप उगवलेल्या, खत न मिळालेल्या रोपांत त्रेचाळीस. निम्म्या खतातच काम झालेलं दिसतं. मात्र ती रोपं प्रयोगाचा भाग नव्हती, म्हणून पुढच्या हंगामात नीट पडताळून पाहावं आणि पत्रक वाटू नये. खाली सही, तारीख, वेळ.

साहेबांनी ते वाचायला घेतलं. पहिल्या दोन ओळींना त्यांचे कान लाल झाले. “हा माळी! याला मी आत्ताच्या आत्ता…” तिसऱ्या ओळीपाशी आवाज उतरला. चौथीपाशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“निम्म्या खतात?”

“दिसतंय तसं.”

“म्हणजे सगळे पंचवीस ग्रॅम म्हणतात, आणि आपण साडेबारात करून दाखवलं!” साहेब उठून खिडकीपाशी गेले. दूरदृष्टीच्या माणसाला खिडकी लागते. “हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.”

“कुणाला?”

“मनात.” ते परत टेबलाशी आले. “ताई, एवढंच बदला. ‘स्वतःच्या मनाने’ खोडा आणि ‘केंद्रप्रमुखांच्या सूचनेनुसार’ लिहा.”

“तुम्ही सूचना दिली नव्हती.”

“अहो, म्हाताऱ्याचं भलं बघा! सूचनेनुसार केलं तर तो आमचा सहकारी. मनाने केलं तर हस्तक्षेप, आणि नियमाप्रमाणे उद्यापासून घरी. मी काय करणार? नियम आहे.” साहेबांनी फाइल बोटाने ताईंच्या बाजूला चार इंच सरकवली. एकोणीस वर्षांत तिचा हा सगळ्यात वेगवान प्रवास होता.

ताई उभ्याच राहिल्या. दोन शब्द खोडायचे, दोन लिहायचे. आकडा एकही बदलत नव्हता. कुणाच्या मुळांना त्याने काही बाधणार नव्हतं. त्यांनी पेन उघडलं. मामांचा नवा सदरा त्यांनी पाहिला नव्हता, पण आत्ता तो त्यांना स्पष्ट दिसत होता, घडीसुद्धा. त्यांनी पेन बंद केलं.

“मला जमणार नाही, साहेब. तुम्ही मनात काय म्हणत होतात ते माझ्या यंत्रावर येत नाही. तुमचं वाक्य तुमच्या पानावर, तुमच्या सहीने लिहा. माझं पान असंच राहील.”

“दोन पानांवर दोन गोष्टी? समितीने वाचलं तर?”

आकडेशास्त्री कोपऱ्यातून म्हणाले, “साहेब, पान दोन आजवर कुठल्या समितीने वाचलंय?”

या सत्यापुढे कुणाचंच काही चाललं नाही.

गुरुवारी समिती आली. तीन सभासद. त्यांपैकी दोघांनी केंद्राची गाडी, केंद्राचा चहा आणि केंद्राची प्रगती यांबद्दल समाधान व्यक्त केलं. तिसऱ्या अध्यक्षबाई. त्यांनी दुर्दैवाने पान दोन वाचलं होतं.

वाफ्यांपाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, “पहिल्या पानावर लिहिलंय, निम्मं खत साहेबांच्या सूचनेनुसार दिलं. दुसऱ्यावर लिहिलंय, मामांनी स्वतःच्या मनाने दिलं. मामा कोण?”

मामा पुढे आले. अंगात नवा सदरा होता. मामी म्हणाली होती, काढून टाकायचे असतील तर निदान नीटनेटक्या माणसाला काढल्यासारखं दिसू दे.

“तुम्हाला साहेबांनी काय सांगितलं होतं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

ताई पायांकडे बघत राहिल्या. साहेब मामांकडे बघत होते; त्यांच्या डोळ्यांत फाइल दिसत होती.

“साहेब?” मामा म्हणाले. “छे हो. साहेब इकडे येत नाहीत. त्यांना धुळीचा त्रास आहे.”

कुणीतरी खोकलं. मामा सावकाश पुढे बोलत होते. “मला कुणी काही सांगितलं नाही. सगळी सारखीच रोपं, म्हणून सारखं वाटलं. ताईंना विचारायला हवं होतं हे आता कळतंय. तेव्हा वाटलं, यात विचारायचं काय?”

साहेबांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला होता. मग तो हळूहळू उजळला. आपत्तीतून संधी काढण्यासाठीच निसर्गाने साहेब घडवलेले असतात.

“हेच!” साहेब म्हणाले. “हीच आमची कार्यपद्धती. इथे सूचना द्यावी लागत नाही. माणसं सूचनेआधीच सूचना पाळतात.”

एका सभासदाने लगेच वहीत टिपलं : ‘सूचनेविना सूचनापालन. इतरत्र अनुकरणीय.’ दुसऱ्याने ते त्याच्या वहीतून आपल्या वहीत उतरवून घेतलं.

अध्यक्षबाईंनी साहेबांकडे नुसतं पाहिलं. त्यांनीही तीस वर्षं नोकरी केली होती. कुठलं खोटं पाडायचं आणि कुठलं कामाला जुंपायचं हे त्यांना कळत होतं. “इतका अनुकरणीय माणूस तुमच्याकडे कधीपासून कायम आहे?” त्यांनी विचारलं.

“एकोणीस वर्षं,” साहेब म्हणाले. “म्हणजे… तात्पुरता. आज सही करणारच होतो.”

“करा मग. आम्ही थांबतो.”

फाइल शेतातच मागवली. साहेबांनी आकडेशास्त्र्यांच्या पाठीवर ठेवून सही केली. ती पाठ वाकवायला त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मामांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि मग आठवण होऊन बाही झटकली.

जुनी पत्रकं रद्दीत गेली. नव्या पत्रकात खत निम्मं झालं आणि साहेबांचा फोटो दुप्पट. ताईंच्या आग्रहाने ‘अजून पडताळणी चालू’ ही ओळही आली, पालकाच्या देठाखाली, भिंगातून वाचता येईल अशी.

कायमपणाचा आदेश आला, त्यात एक बारीकशी गंमत होती. कायम माळ्याची जागा केंद्रात नव्हती. ती कधीच नव्हती. मोकळी होती ती खतभांडाराच्या सहायकाची. एकोणीस वर्षं मातीत हात असलेल्या माणसाला मातीवरून उचलून जाळीच्या खिडकीमागे बसवलं. समोर नोंदवही, उजव्या हाताला शिक्का, डाव्या हाताला नियमांचं पुस्तक. मामांनी पहिल्याच आठवड्यात ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं. केंद्राच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

दोन महिन्यांनी नवा हंगाम आला. वाफे पुन्हा बारा. सहांना साडेबारा ग्रॅम, सहांना काहीच नाही. या वेळी वाफ्यांवर नवा माळी होता, आणि ताईंनी त्याला दम भरून ठेवला होता. मागणीपत्र घेऊन त्या भांडाराच्या खिडकीशी आल्या.

“या, ताई.” मामांनी चष्मा चढवला. हा ताईंच्या यजमानांच्या दुकानातला, नंबर नीट बघून दिलेला. “वाफे किती?”

“बारा.”

“पुड्या?”

“सहा.”

मामांनी कागद खिडकीतून परत बाहेर सरकवला. “मागणी अपुरी आहे.”

“मामा, मुद्दाम आहे ती. तुम्हाला माहितेय. सहा वाफे तसेच ठेवायचेत.”

“मला कसं माहीत असणार? मी भांडारात असतो.” त्यांनी पुस्तक उघडून बोट ठेवलं. “नियम चौदा. ‘मागणी क्षेत्राच्या प्रमाणात असावी, अन्यथा साहित्य देऊ नये.’ क्षेत्र बारा, पुड्या सहा. देता येत नाही.”

ताईंनी वाचलं. नियम खरोखरच तसा होता. “अहो, सगळ्यांना खत दिल्यावर मी तुलना कशाशी करू?”

“गेल्या वेळी केलीत ना कशाशी तरी?”

“ती बांधापलीकड…” म्हणता म्हणता ताईंनी जीभ चावली.

“कशाशी?” मामा जाळीला नाक लागेल इतके पुढे झुकले. “बांधापलीकडे काय आहे?”

ताईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा शिक्क्याकडे पाहिलं.

“गवत,” त्या म्हणाल्या, आणि सहाचा आकडा खोडून त्याजागी बारा लिहिला.

“आता कसं नीट झालं बघा!” मामांनी समाधानाने शिक्का मारला आणि बारा पुड्या एकेक करून तोलून दिल्या. “रिकाम्या पुड्या वाफ्यावार परत जमा करायच्या. नियम पंधरा.”

ताई परत जाताना मुद्दाम लांबच्या वाटेने गेल्या. बांधापलीकडे या खेपेला नऊ रोपं उगवली होती, बोटभर उंच, कडेने जरा पिवळट. ताईंनी आसपास शोधून एक मोडकी टोपली आणली आणि ती त्यांच्या पुढ्यात आडवी टेकवून ठेवली. भांडाराची खिडकी ज्या बाजूला होती, त्या बाजूने.